इंग्रजी भाषेंतील लुप्त व आर्ष शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास अनोळखी शब्दाची भीति फार वाटते. परंतु आमच्या मतें अनोळखी शब्द हा विद्यार्थ्याचा मित्रच होय. कारण तो समोर येतांच आपण थांबतों, कोश उघडतों आणि अर्थ जाणून पुढें जातों. घात होतो तो ओळखीच्या शब्दानें. जो शब्द आपण पहिल्या-दुसऱ्या वर्षींच शिकलों, ज्याचा अर्थ आपणांस पाठ आहे, तोच शब्द तीनशें-चारशें वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत येतो आणि त्याच्या पोटांत निराळाच अर्थ असतो. तेथें थांबावें असें कोणासहि वाटत नाहीं. म्हणून कोश उघडला जात नाहीं, आणि वाक्याचा अर्थ कधीं अर्धवट तर कधीं अगदीं उलटा लागतो. शेक्सपिअरचीं नाटकें आणि १६११ सालीं प्रसिद्ध झालेलें बायबलाचें इंग्रजी भाषांतर हीं आमच्यासारख्या शाळांच्या कपाटांत पूर्वींपासून आहेत व आजहि आहेत. तीं वाचणाऱ्या मुलामुलींस, आणि घरीं त्यांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांस, कांहीं साहाय्य व्हावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

जुन्या शब्दांचे दोन वर्ग कल्पिले म्हणजे विषय समजण्यास सोपा जातो. जे शब्द आतां कोणी बोलत नाहीं व लिहीतहि नाहीं ते लुप्त. आणि जे रोजच्या बोलण्यांतून गेले, परंतु प्रार्थनेंत, काव्यांत किंवा कायद्याच्या कागदांत अद्यापि मानानें बसलेले आहेत ते आर्ष. ऋषींच्या तोंडचे प्रयोग व्याकरणाच्या नेहमींच्या नियमांस सोडून असले तरी संस्कृत पंडित त्यांस 'आर्ष' म्हणून मान देतात. तोच शब्द येथें आम्हीं घेतला आहे. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशांत लुप्त शब्दाच्या आधीं कट्यारीच्या आकाराचें एक लहानसें चिन्ह छापीत असत. या कोशाची कल्पना १८५७ सालीं लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटींत निघाली. पहिला भाग १८८४ सालीं बाहेर पडला आणि पहिली आवृत्ति पुरी व्हावयास १९२८ साल उजाडलें. मुख्य संपादक जेम्स मरे हे १९१५ सालींच निवर्तले होते. या कोशाचा एक नियम आम्हांस फार आवडतो. एकदां आंत आलेला शब्द, तो लुप्त झाला तरी, बाहेर काढावयाचा नाहीं.

आतां घात करणाऱ्या शब्दांकडे वळूं. 'लेट' हा शब्द घ्या. 'लेट' म्हणजे करूं देणें, हें पहिल्या वर्षाचें मूलहि सांगेल. परंतु 'हॅम्लेट' नाटकांत राजपुत्र आपल्या पित्याच्या पिशाच्चामागें जाऊं लागतो, मित्र त्यास धरून ठेवितात, तेव्हां जो कोणी आपणांस 'लेट' करील त्याचा प्राण घेण्याची तो धमकी देतो. आजचा अर्थ लावला तर जो जाऊं देईल त्यासच तो मारणार, असें विचित्र वाक्य होतें! खरी गोष्ट अशी, कीं प्राचीन इंग्रजींत दोन निरनिराळीं क्रियापदें होतीं. एक 'लॅतन' म्हणजे सोडणें, करूं देणें. दुसरें 'लेत्तन' म्हणजे अडविणें. काळाच्या ओघांत दोहोंचे उच्चार झिजून एकच झाले. एकाच उच्चाराचे दोन शब्द, आणि अर्थ परस्परविरुद्ध, अशी स्थिति व्यवहारांत फार काळ टिकत नाहीं. दोघांपैकीं अडविणारा 'लेट' गेला. मात्र तो पुरता गेला नाहीं. पारपत्राच्या पहिल्या पानावर, धारकास 'लेट' अथवा अडथळा न होतां जाऊं द्यावें, अशा आशयाची जी विनंति छापलेली असते तींत तो आहे. आपल्या भारतीय पारपत्रांतहि आहे. टेनिस खेळतांना चेंडू जाळ्यास लागून पलीकडे पडला म्हणजे जो 'लेट' पुकारतात तोहि हाच, असें बहुतेक कोशकार मानतात.

'प्रिव्हेंट' शब्दाची कथाहि अशीच. लॅटिन भाषेंत याचा अर्थ 'पूर्वीं येणें', पुढें येणें. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत प्रभूच्या येण्याच्या वेळीं जिवंत असलेले लोक निजलेल्यांस 'प्रिव्हेंट' करणार नाहींत, असा मजकूर १६११ च्या भाषांतरांत आहे. आजचा वाचक म्हणेल, 'अडविणार नाहींत'. पण अर्थ आहे 'त्यांच्या आधीं पुढें जाणार नाहींत'. मराठी बायबल वाचणाऱ्यास ही शंका येतच नाहीं. पुढें जाणारा मनुष्य वाटेंत आडवा येतो, आडवा आलेला अडवितो, एवढ्या दोन पावलांत शब्दाचा अर्थ बदलला. 'सफर' याचा अर्थ आज 'दुःख सोसणें'. पण सोसणें म्हणजेच चालूं देणें, म्हणून पूर्वीं त्याचा अर्थ 'परवानगी देणें' असाहि होता. लहान बाळकांस आपणांकडे येऊं द्या असें येशूनें शिष्यांस सांगितलें, तेथें १६११ च्या भाषांतरांत हेंच क्रियापद आहे. आणि बाळकांनीं दुःख भोगावें असा त्याचा अर्थ लावणारा विद्यार्थी दर दोन-तीन वर्षांनीं एखादा तरी निघतोच. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत कोणत्याहि गोष्टीविषयीं 'केअरफुल' असूं नये असा उपदेश आहे, तो वाचून आळशी मुलांस मोठा आनंद होतो. त्या काळीं 'केअर' म्हणजे चिंता. 'केअरफुल' म्हणजे चिंतेनें भरलेला. काळजी हा मराठी शब्दहि असाच दुतोंडी आहे. काळजी घ्यावी, पण काळजी करूं नये, असें आपण सहज बोलून जातों.

'मीट' म्हणजे मांस, हें तर सर्वांस ठाऊक. मग लेवीय पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांतील 'मीट'चें अर्पण सपिठाचें व तेलाचें कसें? त्यांत मांसाचा तुकडाहि नसतो. याचें कारण 'मीट' म्हणजे मुळांत कोणतेंहि अन्न. मिठाईस 'स्वीटमीट' म्हणतात तेथें हा जुना अर्थ साखरेंत मुरलेला आढळेल. १८८५ सालीं जुन्या कराराची सुधारलेली आवृत्ति निघाली तेव्हां हें नांव बदलून त्याऐवजीं पिठाचें अर्पण या अर्थाचें नांव घातलें गेलें. व्यापक अर्थाचा शब्द असा आकसून एका वस्तूपुरता राहतो, याचें दुसरें उदाहरण म्हणजे 'डीअर'. आज तो हरिण. परंतु प्राचीन इंग्रजींत 'देओर' म्हणजे कोणताहि पशु. 'किंग लिअर' नाटकांत उंदीर-घुशींचीहि गणना 'डीअर'मध्यें केली आहे! आणि गंमत पाहा, कीं आपल्याकडे संस्कृत 'मृग' शब्दाचें अगदीं हेंच झालें. 'मृग' म्हणजे पूर्वीं कोणतेंहि रानटी जनावर. म्हणूनच सिंहास 'मृगेंद्र' म्हणतात आणि शिकारीस 'मृगया'. पुढें राजेलोकांच्या शिकारींत ज्या पशूस मुख्य स्थान, त्याच्याच नांवें तो शब्द राहिला. इंग्लंडांतील राजे व हिंदुस्थानांतील राजे यांची आवड सारखीच असावी.

कांहीं शब्द चढतात, कांहीं पडतात. 'सिली' हा शब्द आज मूर्खास लावतात; त्याचें मूळ रूप 'सॅलिग' म्हणजे सुखी, धन्य. धन्य तो निष्पाप, निष्पाप तो भोळा, भोळा तो बिचारा, आणि बिचारा तो मूर्ख, अशी ही पायरीपायरीनें घसरण आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं अशोकाचे शिलालेख अभ्यासिले असतील त्यांस येथें 'देवानांप्रिय' ही पदवी आठवेल. सम्राटाची ही मानाची पदवी पुढील संस्कृत पंडितांनीं मूर्ख या अर्थानें वापरली. उलट 'नाइस' शब्द पाहा. तो लॅटिन 'नेस्किउस' म्हणजे अज्ञानी यापासून निघाला. इंग्रजींत आला तेव्हां त्याचा अर्थ मूर्ख. मग चोखंदळ, मग काटेकोर, आणि शेवटीं छान. विद्यार्थ्यांच्या निबंधांत प्रत्येक वस्तु 'नाइस' असते, तेव्हां आम्हांस हा इतिहास आठवून थोडें हसूं येतें.

आतां ज्या शब्दासाठीं आम्हीं मुख्यतः लेखणी हातीं घेतली त्याकडे येऊं. तो शब्द 'थाउ', म्हणजे आपला 'तूं'. इंग्रज मनुष्य आज राजासहि 'यू' म्हणतो व कुत्र्यासहि 'यू'च म्हणतो. पूर्वीं असें नव्हतें. एकास 'थाउ', अनेकांस 'यी' किंवा 'यू', अशी सरळ वांटणी होती. पुढें फ्रेंचांचा कित्ता गिरवून थोरांस आदरार्थी अनेकवचन लावण्याची चाल पडली, आणि 'थाउ' हा जवळच्यासाठीं, लहानासाठीं आणि अपमानासाठीं उरला. १६०३ सालीं सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हां सरकारी वकील एडवर्ड कोक यांनीं भर न्यायसभेंत त्यांस मुद्दाम 'थाउ' म्हणून हिणविलें. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' नाटकांत एक पात्र दुसऱ्यास द्वंद्वाचें आव्हान कसें लिहावें हें शिकवितांना शत्रूस दोन-तीनदां 'थाउ' म्हणण्याचा सल्ला देतें. अरेतुरे केल्यानें भांडण पेटतें, हें मराठी वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. मात्र इंग्रज मुलास तें टीप देऊनच समजवावें लागतें.

येथें मराठी विद्यार्थ्याचा जो लाभ आहे तो आम्हांस विशेष सांगावयाचा आहे. 'थाउ' हा शब्द बोलण्यांतून सतराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक गेला. यॉर्कशरसारख्या कांहीं भागांच्या बोलींत तो राहिला, आणि क्वेकर पंथाच्या लोकांनीं सर्व मनुष्यें समान म्हणून मोठ्या अधिकाऱ्यांसहि एकवचनच लावण्याचा आग्रह धरला व त्यापायीं पुष्कळ त्रास सोसला. इतरांच्या कानीं तो केवळ प्रार्थनामंदिरांत पडूं लागला. परिणाम असा झाला, कीं 'थाउ' म्हणजे फार आदराचा, उच्चासनावरचा शब्द, असें आज पुष्कळ इंग्रजांस वाटतें. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. मराठी मूल आईस 'तूं' म्हणतें, आणि देवासहि 'तूं'च म्हणतें. वडिलांस मात्र पुष्कळ घरांत 'तुम्ही'. तुकोबा पांडुरंगाशीं भांडतात तेंहि एकवचनांतच. 'थाउ' म्हणजे हीच जवळीक. इंग्रज बालकानें जें गमावलें तें आमच्या बालकाच्या जिभेवर आयतेंच आहे. तेवढें इंग्रजी पुस्तक वाचतांना त्यानें विसरूं नये.

बायबलाच्या १६११ च्या भाषांतरांत आदर-अनादराचा प्रश्न नाहीं. तेथें 'थाउ' हें निव्वळ एकवचन व 'यी-यू' हें निव्वळ अनेकवचन, कारण मूळ हिब्रू व ग्रीक भाषांत हा भेद आहे आणि भाषांतरकारांनीं तो काटेकोरपणें पाळला. त्यामुळें कांहीं स्थळांचा अर्थ याच एका शब्दावर टांगलेला असतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायांत शेवटच्या भोजनाच्या वेळीं येशू शिमोन पेत्रास उद्देशून बोलतो. नांव एकट्या शिमोनाचें घेतलें आहे. परंतु सैतानानें गव्हाप्रमाणें चाळण्यासाठीं कोणास मागितलें, तर 'यू', म्हणजे तुम्हां सर्वांस. आणि विश्वास ढळूं नये म्हणून प्रार्थना कोणासाठीं केली, तर 'थी', म्हणजे तुझ्या एकट्यासाठीं. संकट साऱ्या मंडळीवर आहे, आणि जो सर्वांत आधीं नाकारणार त्याच्यासाठीं वेगळी प्रार्थना आहे. आजच्या साध्या इंग्रजींत दोन्ही ठिकाणीं 'यू' येतें, आणि हा सारा भेद वाचकाच्या हातून निसटतो. टीप असली व ती वाचली तर सांपडतो. मराठी बायबलांत 'तुम्हांला' व 'तुझ्यासाठीं' असें स्वच्छ आहे. म्हणून आम्ही वरच्या वर्गांतील मुलांस नेहमीं सांगतों, कीं जुनें इंग्रजी वाचतांना मराठी प्रत शेजारीं ठेवावी.

अशीच मदत आणखी एका ठिकाणीं होते. त्या भाषांतरांत झाडासहि 'हिज' म्हणजे 'त्याचें' असें म्हटलें आहे, आणि विद्यार्थी विचारतो, झाड काय पुरुष आहे? प्राचीन इंग्रजींत मराठीप्रमाणें तीन लिंगें होतीं. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि स्त्री या अर्थाचा 'वीफ' हा शब्द चक्क नपुंसकलिंगी! पुल्लिंग व नपुंसकलिंग दोहोंची षष्ठी 'हिज'. मुलगा असो, झाड असो, आपणहि 'त्याचें'च म्हणतों ना? 'इट्स' हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस नुकता उगवला होता, आणि १६११ च्या मूळ छापील प्रतींत तो एकदांहि आलेला नाहीं. त्याच काळीं, १६१६ सालीं, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें आपलें मराठी 'क्रिस्तपुराण' गोव्यांत राशोल येथें छापलें. तें आज वाचावयास घेतलें तर आपली गतिहि इंग्रज मुलाहून फारशी बरी होत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

'थाउ' आणि 'तूं' यांतील साम्य निव्वळ योगायोगाचें नाहीं. कलकत्त्यास १७८६ सालीं सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्या असें प्रतिपादन केलें, आणि इंग्रजीच्या पूर्वजांचाहि त्या कुळाशीं संबंध दाखविला. ज्यांच्या परीकथा आमचे विद्यार्थी आवडीनें वाचतात त्या दोघां ग्रिम बंधूंपैकीं याकोब ग्रिम यानें १८२२ सालीं व्यंजनांच्या फेरबदलाचे नियम नीट मांडले. संस्कृतांतील 'त' इंग्रजींत 'थ' होतो, त्वम्‌चें 'थाउ', त्रिचें 'थ्री'. 'द'चा 'ट' होतो, दशचें 'टेन', द्विचें 'टू'. आतां आर्ष इंग्रजींत 'वॉट' असें एक क्रियापद आढळतें, त्याचा अर्थ 'जाणतो'. हें संस्कृतांतील 'वेद' या क्रियापदाचेंच भावंड होय. 'वेद' म्हणजेहि 'तो जाणतो'. 'विट' म्हणजे बुद्धि, तोहि 'विद्' धातूचाच आप्त. म्हणजे 'विद्यार्थी' या शब्दाचें रक्ताचें नातें त्या 'विट'शीं आहे. तें प्रगतिपुस्तकांत नेहमींच दिसतें असें नाहीं.

'क्विक' म्हणजे जलद, हा नवा अर्थ. जुना अर्थ 'जिवंत', आणि तो शब्द संस्कृत 'जीव' याचा सोयरा. ख्रिस्ती विश्वासांगीकारांत ख्रिस्त 'क्विक' व मेलेले यांचा न्याय करावयास येईल असें जुन्या इंग्रजींत म्हणत. त्याचा धांवण्याशीं कांहीं संबंध नाहीं. पाऱ्यास 'क्विकसिल्व्हर' म्हणतात, कारण तो जिवंत रुप्यासारखा हालतो. नखाखालचें हळवें मांस तेंहि 'क्विक'. 'वेर' म्हणजे पुरुष, संस्कृत 'वीर', लॅटिन 'विर'. इंग्रजींतून तो शब्द केव्हांच गेला, परंतु मनुष्याचा लांडगा होतो अशा गोष्टींतील 'वेअरवुल्फ'मध्यें तो आहे, आणि 'वर्ल्ड' शब्दांतहि आहे. 'वर्ल्ड' म्हणजे मुळांत 'मनुष्याचें युग'.

शब्द मरतात कां, असा प्रश्न मुलें विचारतात. कारणें पुष्कळ, एक मोठें कारण राज्यक्रांति. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि दरबारांत व न्यायालयांत फ्रेंच भाषा बसली. न्यायालयांत इंग्रजीस जागा देणारा कायदा १३६२ सालीं झाला. तोंवर सैन्य, गुन्हा, विजय, कुलीनता इत्यादींचे जुने शब्द जाऊन तेथें फ्रेंच शब्द आले होते. त्याआधीं उत्तरेकडील नॉर्स लोकांनीं तर 'घेणें' यासारखें घरगुती क्रियापदहि बदलविलें. जुना शब्द 'निमन', नवा 'टेक'. 'निमन' गेला, पण हातपाय बधिर होतात त्यास 'नम' म्हणतात, म्हणजे जणूं 'घेतला गेलेला', तेथें तो राहिला. आपल्याकडेहि राज्य बदललें कीं शब्द बदलले. शिवाजी महाराजांच्या वेळच्या राज्यव्यवहारकोशानें मुजुमदारास अमात्य केलें, सुरनिसास सचिव केलें. कचेऱ्यांतून मुजुमदार गेला, आडनांवांत राहिला. फडणीस, पोतनीस, चिटणीस हीं आडनांवें वर्गांच्या पटावर आहेत. तीं धारण करणाऱ्या मुलांनीं पोतनिसाचें काम काय असे तें घरीं विचारावें. इंग्रजांचें तसेंच आहे. 'फ्लेचर' म्हणजे बाण तयार करणारा, 'वेनराइट' म्हणजे गाडे करणारा, 'चॅपमन' म्हणजे फिरता व्यापारी, 'वेब्स्टर' म्हणजे विणकर, आणि त्यांतील 'स्टर' हा प्रत्यय मूळचा स्त्रीवाचक. १८२८ सालीं मोठा अमेरिकन कोश रचणारे नोआ वेब्स्टर यांचें आडनांव म्हणजे कोष्टीण!

सर्वच शब्द युद्धानें मरत नाहींत. कांहीं जन्मतःच जगत नाहींत. सोळाव्या शतकांत केंब्रिजचे ग्रीक पंडित सर जॉन चीक यांस इंग्रजींत लॅटिन शब्दांची गर्दी खपत नसे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचें भाषांतर करतांना त्यांनीं 'सेंच्युरिअन' ऐवजीं 'हंड्रेडर', आणि पुनरुत्थानास 'गेनरायझिंग' असे शब्द घडविले. ते चालले नाहींत. मात्र 'हंड्रेडर' म्हणजे जो आपला 'शताधिपति', तो मराठी शुभवर्तमानांत सुखानें नांदतो आहे! आपल्या भाषाशुद्धीच्या चळवळींतील 'दिनांक' आणि 'महापौर' असेच रुळले. दुसरे कित्येक कागदावरच राहिले. कोणता शब्द जगेल हें पंडितांच्या हातीं नसतें, असें आमचें मत झालें आहे.

लुप्त शब्दांची खरी मौज मात्र ते जेथें लपून बसतात तेथें आहे. नवऱ्यास 'ब्राइडग्रूम' म्हणतात; 'ग्रूम' म्हणजे तर घोड्याचा मोतद्दार. वधूचा मोतद्दार हें काय प्रकरण? मूळ शब्द 'ब्रूदगुमा', म्हणजे वधूचा पुरुष. 'गुमा' म्हणजे पुरुष हें लोक विसरले आणि जवळचा ओळखीचा 'ग्रूम' तेथें जोडून मोकळे झाले. 'लॉर्ड' हा 'ह्लाफवेअर्द', म्हणजे भाकरीचा राखणदार. 'लेडी' म्हणजे भाकरीचें पीठ मळणारी. आमच्याकडे धन्यास अन्नदाता म्हणत तें याच्या जवळ जातें. 'गॉस्पेल' म्हणजे चांगली वार्ता, अक्षरशः शुभवर्तमान. 'निकनेम' हें मूळ 'एकनेम', म्हणजे जास्तीचें नांव. आधीच्या 'ॲन'मधील 'न' त्यास चिकटला. कधीं याच्या उलट 'न' सुटून गेला. 'नेप्रन'चा 'एप्रन' झाला, 'नॅद्रे' नांवाच्या सापाचा 'ॲडर' झाला. आमच्या क्रिकेटवाल्या विद्यार्थ्यांस ज्यांच्या निकालाविषयीं नेहमीं तक्रार असते ते 'अंपायर' हेहि पूर्वींचे 'नंपायर'. मूळ फ्रेंच अर्थ 'जोडींत न बसणारा', दोघांच्या तंट्यांतील तिसरा. 'फोर्टनाइट' म्हणजे चौदा रात्री, आपला पंधरवडा. सात रात्रींचा 'सेनाइट' हा शब्दहि एकेकाळीं होता, पण 'वीक' हा सोपा शब्द असतां त्याची गरज उरली नाहीं. जुने जर्मन लोक दिवस न मोजतां रात्री मोजीत, असें रोमन इतिहासकार टॅसिटस यानें पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेविलें आहे. त्या मोजणीची ही राहिलेली खूण.

जुनें म्हणून जें मिरवतें तें सर्व जुनें नसतें, हेंहि येथें सांगून टाकूं. चहाच्या दुकानांवर 'ये ओल्ड' अशा पाट्या पाहून लोक 'ये' असा उच्चार करतात. असा उच्चार इंग्लंडांत या शब्दाचा कधींच नव्हता. इंग्रजींत पूर्वीं 'थॉर्न' नांवाचें एक अक्षर होतें. परदेशाहून आलेल्या खिळ्यांत तें नसल्यामुळें छापणारे त्याच्यासारखें दिसणारें 'वाय' अक्षर लावीत. लिहिलें 'ये', वाचावयाचें 'द'. आणि 'येस्टरइयर' हा फार प्राचीन भासणारा शब्द कवि रोझेटी यानें एका फ्रेंच कवितेच्या भाषांतरासाठीं १८७० सालीं बनविला.

सुट्टींत शोधण्यासाठीं तीन शब्द विद्यार्थ्यांकडे सोंपवितों. शाळेच्या ग्रंथालयांतील कोश त्यांस पुरेसा आहे. 'कॉबवेब' या शब्दांत एक आठ पायांचा प्राणी दडलेला आहे. 'ल्यूकवॉर्म' यांतील 'ल्यूक' हा शुभवर्तमानकार लूक नव्हे. आणि 'मिल्ड्यू' म्हणजे बुरशी, तिच्या पूर्वार्धांत मधाचें एक जुनें नांव आहे. उत्तरें वहींत लिहून सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यांत आम्हांकडे आणून द्यावीं.